मदत हवी आहे: बॅनरचा लोगो थिएटरच्या पडद्यासाठी कसा करून घ्यावा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघा मित्रांनी कोल्हापुरात छोटी निर्मितीसंस्था काढलीय. आजवर लघुपट यूट्यूबवर टाकत होतो, आता पहिला मोठा सिनेमा एडिटला बसलाय आणि गाडी सुरुवातीच्या लोगोवर अडलीय.

कल्पना ठरलेली आहे. काळा पडदा, आधी नुसता शड्डूचा आवाज, मग तालमीतली लाल माती उधळते आणि ती खाली बसताना नाव दिसतं. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, चप्पल सगळं सुचवून झालं, पण ते पर्यटनाच्या जाहिरातीसारखं वाटायला लागलं. त्यात गाव असलं! 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली. १९३३ ला पुण्याला गेली, तरी तिच्या लोगोतली ती तुतारी फुंकणारी बाई आमचीच, असं इथं कुणीही छातीठोक सांगेल. म्हणून तुतारी, शंख, नगारा यांच्या वाटेला जायचं नाही.

लोगो १९२०×१०८० मध्ये, सेकंदाला ३० फ्रेमनं केलाय. सिनेमा मात्र स्कोपमध्ये, म्हणजे जास्त रुंद चौकटीत, सेकंदाला २४ फ्रेम. तसाच टाकला तर माती अडखळत उडते, नाव खालच्या बाजूला असल्यानं उकार कापले जातात. प्रोजेक्टरवर तर काळ्यातून तांबड्यात जाताना चक्क पट्टे दिसले, लॅपटॉपवर त्यांचा मागमूस नव्हता. पुन्हा खर्च एकदाच परवडेल. करणाऱ्याकडं नेमकं काय मागायचं? आणि लांबी किती ठेवावी? भागीदार वीस सेकंदांवर अडून बसलाय.

प्रतिसाद १

कन्व्हर्ट करत बसू नका. ३० चे २४ करताना पाचातली एक फ्रेम गळते, उधळत्या मातीत ते लगेच कळतं. मूळ प्रोजेक्ट उघडून २४ लाच नव्यानं रेंडर करायला सांगा. स्कोप डीसीपीची (थिएटरला जाणारी डिजिटल प्रत) चौकट २०४८×८५८ असते, तुमच्या फ्रेमची जवळपास पाव उंची त्यात कापली जाते. मांडणीच त्या मापात करा, नाव वर घ्या.

पट्टे ८ बिटमुळे. प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, त्यातल्या गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच. प्रोजेक्ट १६ बिटला करून वर किंचित ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाका. फाइल प्रोरेस ४४४४ किंवा डीपीएक्स घ्या, एमपी४ अजिबात नको. शड्डूचा ट्रॅक वेगळा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, थेट मिक्सवाल्याच्या हातात.

वीस सेकंद कशाला? आठ रग्गड झाले. आणि शड्डूवर संगीत चढवू नका राव.

प्रतिसाद २

करणारा ओळखीचा असला तरी हक्क लेखी घ्या, सहीसकट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ बघा: करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाचच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. उद्या सिनेमा परदेशात ओटीटीवर गेला की तेवढ्यावर अडाल.

धागाकर्ता

आभारी आहे दादा. प्रोजेक्ट फाइल त्याच्याकडं आहे, आजच फोन करतो. भागीदाराला हा धागा पाठवलाय, तो आता बारा सेकंदांवर आलाय.