एमआरआयवर दिसलेली गादीची झीज हेच कंबरदुखीचे कारण असते का?

प्रश्न : शलाका

नमस्कार. माझे वय ४३ आहे आणि तीन महिन्यांहून अधिक काळ मला कंबरदुखीचा त्रास होत आहे. दुखणे कमरेच्या खालच्या भागात असते, कधीकधी उजव्या नितंबापर्यंत जाते, पण गुडघ्याखाली उतरत नाही. पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा नाही. एमआरआयच्या अहवालात कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील गादी झिजली असून थोडी फुगून बाहेर आली आहे, असे लिहिले आहे. एका तज्ज्ञांनी तो अहवाल वाचून वाकणे आणि वजन उचलणे पूर्ण बंद करायला सांगितले, आणि पुढे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया लागू शकेल, असेही सुचवले. दुसऱ्या तज्ज्ञांनी मात्र अहवालापेक्षा प्रत्यक्ष तपासणीला अधिक वेळ दिला आणि रोज चालायला व व्यायाम सुरू करायला सांगितले. दोघेही अनुभवी आहेत, त्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे. अहवालातील झीज आणि माझे दुखणे यांचा संबंध कितपत खात्रीने जोडता येतो, आणि उपचारांबाबत चाचण्यांतून काय निष्पन्न झाले आहे, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

उत्तर : निरीक्षक

शलाकाताई, तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागावर बरेच आणि चांगले संशोधन झालेले आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

गादी आणि दुखणे यांची सांगड घट्ट बसली ती १९३४ साली. मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी, फुटून बाहेर आलेली गादी मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसेवर दाब आणते आणि त्यामुळे पायात कळ जाते, हे दाखवून दिले. हा शोध महत्त्वाचाच होता, पण तो नस दबून पायात उतरणाऱ्या दुखण्याविषयी होता. पुढे त्याच स्पष्टीकरणाचा विस्तार नुसत्या कंबरदुखीपर्यंत होत गेला, आणि एमआरआय आल्यावर प्रत्येक गादीचे चित्र समोर दिसू लागल्याने तो समज अधिकच पक्का झाला.

मग काही संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : ज्यांची कंबर दुखतच नाही, त्यांच्या मणक्यांत काय दिसते? १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एक गादी फुगलेली होती, आणि सर्व गाद्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के होते. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, ज्यात त्रास नसलेल्या ३,११० व्यक्तींचा समावेश होता. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत आढळली. फुगलेल्या गादीचे प्रमाण याच वयांत ३० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांवर गेले. तुमच्या वयाला अहवालात झीज दिसणे हे अपेक्षितच आहे.

यावरून एमआरआयमधील बदलांना काहीच अर्थ नसतो, असा निष्कर्ष मात्र काढू नये; मराठीत अलीकडे तसेही बरेच लिहिले जाते आणि ते मला पटत नाही. याच संशोधकांच्या गटाने त्याच वर्षी, पन्नाशीपर्यंतच्या लोकांत दुखणे असलेले आणि नसलेले यांची तुलना केली, तेव्हा फुगलेली वा फुटून बाहेर आलेली गादी, आणि गादीलगतच्या हाडातील विशिष्ट बदल दुखणे असलेल्यांत लक्षणीयरीत्या अधिक आढळले. म्हणजे समूहाच्या पातळीवर संबंध आहे. अडचण अशी की एका व्यक्तीचा अहवाल हाती घेऊन ‘हिचे दुखणे येथूनच येते’ असे त्यावरून ठरवता येत नाही, कारण तसाच अहवाल असलेली अनेक माणसे विनातक्रार वावरत असतात.

२००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याचा निष्कर्षही लक्षात घ्यावा : गंभीर आजाराची चिन्हे नसताना सरसकट लवकर एक्स-रे वा एमआरआय काढल्याने रुग्णांचे दुखणे किंवा हालचाल यांत काही अधिक सुधारणा झाली नाही.

उत्तर : अनुबंध

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. उपचारांविषयी थोडे लिहितो.

पूर्वी कंबरदुखीवर सक्तीची विश्रांती सांगत. १९९५ साली फिनलंडमध्ये झालेल्या चाचणीत नुकतीच कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट केले होते. अंथरुणावर पडून राहणारे आणि ठरावीक व्यायाम करणारे या दोन्ही गटांपेक्षा, झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लोक लवकर बरे झाले. औषधांच्या बाबतीतही निराशाच पदरी आली. २०१४ साली ऑस्ट्रेलियात १,६०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत आणि औषधविरहित गोळी घेणारे १६ दिवसांत बरे झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत अफूवर्गीय वेदनाशामकेही नव्या दुखण्यात औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. दाहशामक गोळ्यांचा थोडा उपयोग होतो, पण पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांवरील परिणामांमुळे त्या दीर्घकाळ घेणे योग्य नाही.

तुमचे दुखणे तीन महिन्यांपलीकडचे असल्याने ते जुनाट गटात मोडते. येथे व्यायामाच्या बाजूचा पुरावा सर्वांत मोठा आहे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२१ सालच्या आढाव्यात २४९ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. शंभर अंकांच्या वेदनामापनावर, उपचार न घेणाऱ्यांच्या किंवा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे सरासरी १५ अंकांनी कमी झाले. हा लाभ खरा असला तरी मध्यम आहे, आणि रुग्णाला तो तसाच सांगावा असे मला मनापासून वाटते. कारण पंधरा दिवसांत दुखणे नाहीसे होईल या अपेक्षेने आलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात व्यायाम सोडून देतो आणि मग ‘व्यायामही करून पाहिला’ असे म्हणत पुढच्या इंजेक्शनकडे वळतो.

चालण्याविषयी २०२४ साली एक उत्तम चाचणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालणे वाढवण्याचे मार्गदर्शन मिळाले. त्यांच्यातील निम्म्या लोकांचे दुखणे परत येईपर्यंत २०८ दिवस गेले, तर इतरांत ११२. ही चाचणी दुखणे उलटू नये यासाठी होती, हे ध्यानात ठेवावे.

मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेबाबत २००५ साली ब्रिटनमध्ये ३४९ जुनाट रुग्णांची चाचणी झाली. दोन वर्षांनंतर, कसून केलेल्या पुनर्वसन कार्यक्रमापेक्षा शस्त्रक्रिया सरस असल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. नस दबून पायात तीव्र कळ जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी; त्यांना शस्त्रक्रियेने आराम लवकर पडतो. नेदरलँड्समधील २००७ सालच्या चाचणीत मात्र वर्षअखेरीस, लवकर शस्त्रक्रिया केलेल्या आणि वाट पाहिलेल्या अशा दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, हेही त्याच अभ्यासात आहे.

उत्तर : सायंतारा

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहून गेली आहे. गंभीर कारण नाही ही खात्री झाल्यावरच ‘चालत राहा’ हा सल्ला लागू होतो. माझी कंबरदुखी दीर्घकाळ साधी समजली गेली आणि प्रत्यक्षात ती मणक्यांच्या दाहक संधिवाताची निघाली. या आजारात दुखणे बहुधा पंचेचाळिशीच्या आत आणि हळूहळू सुरू होते, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ कंबर आखडलेली असते, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, आणि विश्रांतीऐवजी हालचालीने आराम पडतो. कमरेच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरचे, नितंबामागचे सांधे अनेकदा नीट दिसत नाहीत, त्यामुळे हा दाह निसटू शकतो. शलाकाताई, तुमच्यात अशी लक्षणे असतील तर संधिवाततज्ज्ञांना अवश्य भेटा. आणि लघवी अडणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे वाट पाहण्यास जागा नाही.

शलाका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळचा आखडलेपणा मला पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक नसतो आणि बाकी लक्षणेही नाहीत. एक शंका उरते : झीज हे कारण म्हणता येत नसेल, तर दुखते ते नेमके काय?

उत्तर : निरीक्षक

बहुतेक रुग्णांत दुखण्याचा उगम गादी, मणक्यांमागचे छोटे सांधे, स्नायू की अस्थिबंध, हे आजच्या तपासण्यांनी खात्रीने वेगळे करता येत नाही. दुखणे खरेच असते. फक्त त्याचा पत्ता सापडत नाही. त्याशिवाय दुखणे लांबले की मज्जारज्जू आणि मेंदूतील वेदनेची यंत्रणा अधिक संवेदनशील होऊ शकते, आणि मग थोड्या हालचालीचीही तीव्र जाणीव होते. स्कॉटलंडचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ साली हाच विचार मांडला की कंबरदुखीकडे शरीर, मन आणि परिस्थिती यांच्या एकत्रित परिणामाच्या दृष्टीने पाहावे. दुखणे पुढे रेंगाळेल की नाही, याचा अंदाज बांधताना हालचालीची भीती, खिन्नता आणि बरे होण्याविषयीच्या अपेक्षा यांना मोठे महत्त्व आहे.

म्हणूनच वाकण्यावर कायमची बंदी घालण्याचा सल्ला मला चिंताजनक वाटतो. त्यातून भीती वाढते आणि कंबर आणखी दुर्बळ होते. ऑस्ट्रेलियात ४९२ जुनाट रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी रुग्णांना त्यांच्या दुखण्याचा अर्थ समजावून, ज्या हालचालींची धास्ती होती त्याच हळूहळू करवून घेतल्या, आणि झोप व दिनक्रम यांकडेही लक्ष दिले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हालचालीतील अडचण आणि दुखणे दोन्ही बरेच कमी झाले, आणि तो फरक वर्षभरानंतरही टिकून होता. तुमच्या दुसऱ्या तज्ज्ञांना, वाकणे आणि वजन उचलणे टप्प्याटप्प्याने परत सुरू करून देणारे असे कोणी प्रशिक्षित सुचवता येईल का, हे पुढच्या भेटीत विचारा.