आटे सारखे मोजले, तरी पोलो तिरकी का बसतेय?

जुळेसोलापूरकर
गाडी २०१५ ची पोलो. गेल्या महिन्यात सेकंडहँड कॉइलओव्हरचा (रिंग फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते असे स्प्रिंग-शॉक) सेट टाकला. बसवून देणाऱ्याने ती इतकी खाली ठेवली की गल्लीतल्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर खालून खर्रर्र. आई मागे बसली असली की म्हणायची, "थांब, मी उतरून चालत येते." शेवटी रविवारी सकाळी सहालाच, ऊन चढायच्या आत, पोर्चमध्ये मीच पाने घेऊन बसलो.

जॅकने उचलून खाली स्टँड लावले, चाकं काढली. आट्यांत काळी माती बसली होती, ती टूथब्रशने काढली. चेकनट (रिंग जागेवर धरून ठेवणारा नट) हुकपान्याने सैल केला आणि स्प्रिंग जिच्यावर टेकते त्या पुढच्या दोन्ही रिंगांना मोजून १० फेरे दिले. एका फेऱ्याला २ मिमी, म्हणजे २० मिमी. मागे ६-६ फेरे. चेकनट परत आवळले, चाकांचे बोल्ट टॉर्कपान्याने १२० न्यूटन-मीटर.

आता चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) काठापर्यंत मोजलेली मापं बघा, मिलिमीटरमध्ये:
पुढे डावं ३४६, उजवं ३५४
मागे डावं ३५७, उजवं ३५०

फेरे सगळे सारखे दिलेत, दोनदा मोजलेत. मग हे काय? शिवाय मागे १२ मिमीच फिरवलं, तर गाडी १६-१७ ने उचलली. पाचवीचं गणित चुकल्यासारखं वाटतंय.

होटगीरोडवाला
काय करलालास बे, जॅकवरून उतरवली की लगेच टेप लावलास का? चाकं लटकलेली असताना आत ओढली जातात. जमिनीवर टेकली की त्यांना बाहेर सरकायचं असतं, पण टायर फरशीला धरून बसतं आणि गाडी उंचच राहते. गेटबाहेर काढ, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये, मग मोज. चारही टायरांत हवा सारखी पाहिजे, डिकीत काही नको.

मागचं गणित सोपं आहे. पोलोला पुढे स्प्रिंग शॉकवरच आहे, म्हणून रिंग जेवढी, चाक साधारण तेवढंच. मागे स्प्रिंग वेगळी, बीमवर (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग), आणि चाकापेक्षा बीमच्या बिजागरीला जवळ. तिथे १० ढकललंस तर चाकाशी १३-१४ होणारच. मागच्या रिंगा नेहमी कमी फिरवायच्या.

पुढचं एकच चाक उचलून काम केलंस का? अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी सळई) दुसऱ्या बाजूला अडकून राहतो आणि रिंग फिरवताना जीव जातो. पुढची दोन्ही एकदम उचलायची.

फरशीला उतार असेल तर गाडी उलटी उभी करून परत मोज. फरक गाडीबरोबर फिरला तर दोष गाडीत, नाहीतर फरशीत.

जुळेसोलापूरकर
पुढची दोन्ही एकदमच उचलली होती. आत्ता सात रस्त्यापर्यंत चक्कर मारून आलो. उलटी लावून मोजली: ३४६, ३५३, ३५७, ३५०. म्हणजे फरक गाडीबरोबरच आला. दोष गाडीतच ना? पुढच्या डाव्या रिंगला आणखी ४ फेरे देतोय.

मागवाले काका
थांब बाळा, रिंगला हात लावू नकोस.

मला गाड्यांतलं फार कळत नाही. मी तीस वर्षं अक्कलकोट रोडला यंत्रमाग बसवले. पण चार पायांवर उभी असलेली वस्तू मला कळते. तुझे आकडे बघ: पुढे डावं कमी, मागे उजवं कमी. एक पूर्ण बाजू खाली नाही, कोपऱ्याला कोपरा आहे. याला आम्ही पीळ म्हणतो. एखादी रिंग चुकली तरी असंच दिसतं, आणि जमिनीचा एक कोपरा बसला असला तरी असंच दिसतं.

आणि उलटी लावून हे कळत नाही. अंगणात बाज डुगडुगत असेल तर उशाकडचं पायथ्याला करून बघ, डुगडुगायची ती डुगडुगतेच. कारण खड्ड्यात जिथे उजवा पुढचा पाय होता तिथे आता डावा मागचा आला, आणि ते दोन्ही एकाच कर्णावर. उलटी लावून सरळ उतार पकडता येतो, पीळ नाही.

पोर्चला शहाबादी आहे का? मोरी कुठल्या कोपऱ्यात आहे?

मिस्त्रीकडून लेव्हलचा पाइप आण. पाणी भर, नीळीचा एक थेंब टाक म्हणजे पातळी ठळक दिसते, आणि आत बुडबुडा राहू देऊ नकोस, एवढ्याशा बुडबुड्याने आमचे अख्खे माग वाकडे बसलेत. चार चाकं उभी राहतात त्या जागांवर खडूने फुल्या मार. पाण्याच्या रेषेपासून फरशीपर्यंत प्रत्येक फुलीवर मोज. जिथे माप जास्त, ती जागा खाली. तिथे प्लायचं पॅकिंग दे आणि गाडी त्यावर चढव. मागाच्या पायांखाली आम्ही तेच करायचो, नाहीतर फ्रेम पिळायची आणि धोटा नीट धावायचा नाही.

विजापूर_वेस
काकांना साष्टांग. मी पाच वर्षं लोकांना "उलटी लावून बघ" सांगतोय.

एवढंच सांगतो: उंची बदलली की टो (वरून बघता चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) बदलतो, कँबरही (समोरून बघता चाकाचा कल) थोडा हलतो. अलाइनमेंट केली नाहीस तर टायर आतून घासून जातील आणि वरून कळणारही नाही. मागचं-पुढचं बदललंय म्हणून हेडलाइटचा झोतही बघ, नाहीतर पुणे हायवेला समोरचे शिव्या घालतील. आणि कंपनीच्या मूळ रचनेत बदल म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ येतं. इन्शुरन्सवाल्यांशी आधीच बोलून ठेव.

जुळेसोलापूरकर
काका, शहाबादीच आहे. आणि मोरी बरोबर त्या कोपऱ्यात, जिथे मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा पुढचं उजवं चाक होतं.

शेजारी स्लॅबचं काम चालू आहे, तिथल्या मिस्त्रींचा पाइप घेतला. तीन फुल्या एकमेकींपासून २ मिमीच्या आत. मोरीजवळची १५ मिमी खाली! दहा वर्षं त्या फरशीवर सायकली, गाड्या लावल्या, कधी डोळ्याला दिसलं नाही. १२ ची प्लाय आणि वर ३ चा तुकडा ठेवला, गाडी बाहेर फिरवून आणून त्यावर चढवली.

पुढे ३५०, ३५०. मागे ३५३, ३५४.

म्हणजे रिंगा पहिल्यापासून बरोबर होत्या. ते ४ फेरे दिले असते तर पोर्चमध्ये सरळ आणि रस्त्यावर तिरकी अशी गाडी घेऊन फिरलो असतो.

मागवाले काका
१ मिमी सोडून दे. आता पाण्याचा पाइप वेळेवर परत कर, मिस्त्री लोक त्या बाबतीत फार कडक असतात.

जुळेसोलापूरकर
दिला काका. त्यांनी विचारलं, गाडीला कशाला लेव्हल? सांगत बसलो तर चहा गार झाला. अलाइनमेंट उद्या सकाळी. आईला आज स्पीडब्रेकरवरून नेऊन आणलं, खालून आवाज नाही, पण ती अजूनही दाराचं हँडल धरूनच बसते.