वळवाच्या पहिल्या सरीला जमिनीतनं वर येणारे जीव – तुमच्याकडचं निरीक्षण लिहा

खानापूर_पश्चिम
काल सांजेला वळीव लागला आणि खाचरातनं बेडकांचा आवाज उठला. आजीचं 'बेडूक पावसाबरोबर आभाळातनं पडतात' हे बोलणं लगेच आठवलं. पडत नाहीत, वर येतात. मातीत राहणाऱ्या गोल बेडकाच्या मागच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. बूड आधी घालून, अंग डावीउजवीकडं हलवत तो मागं मागं खाली जातो. मूत्राशयात पाणी साठवलेलं असतं, खाणं बंद, श्वास अगदी मंद. असे कितीतरी महिने काढतो.
धूळपेरणीच्या नांगरटीत ढेकळातनं निघाला तर बांधाच्या सावलीला, भुसभुशीत ओल्या मातीवर ठेवा. बादलीत किंवा विहिरीत टाकू नका, हा पोहण्यात कच्चा आणि सरळ काठ चढता येत नाही. युरिया हाताळलेल्या हातानं तर धरूच नका. तो कातडीतनं पाणी ओढून घेतो, त्याबरोबर खतही आत जातं.
तुमच्याकडं काय दिसतं, लिहा.

अथणी_माळ
आमच्या हिकडं पाऊसच कमी, त्यामुळं बेडकापेक्षा पाखुर्डी ह्या माळावरच्या पक्ष्याचं सांगतो. पिल्लं अंड्यातनं निघाली की चालतात, पण उडून पाण्यावर जाता येत नाही आणि खाणं सगळं कोरडं बी. मग नर पाणवठ्यावर जाऊन पोट बुडवून बसतो. पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. आफ्रिकेतल्या नामाक्वा पाखुर्डीवर मोजलंय, एका खेपेला साधारण २५ मिलि. नर परत आला की पिल्लं पोटाखाली शिरून पिसं चोखतात.
शेततळं करणाऱ्यांनी एक बाजू उताराची ठेवा. चारी बाजूंनी प्लास्टिक कागदाचा उभा काठ असला तर पाखुर्डीला पोट भिजवायला जागाच राहत नाही. आणि सकाळी पाण्यावर माणूस बसला की ती उतरत नाही, कोरडीच परत जाते.

निपाणीची_अक्का
चोखून पाणी पितात? बिचारी पिल्लं. घरात वाचून दाखवलं सगळ्यांना.

बांधावरचा
टिटवीचंही तेच की. उन्हाळ्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, गारव्यासाठी. अंडी बहुतेक चार, निमुळती टोकं आत. ट्रॅक्टर चालवताना घरट्याभोवती चार-पाच फूट सोडा, पण खुणेची काठी अगदी शेजारी रोवू नका, कावळ्याला ठिकाण कळतं. दुपारी तिथं थांबू नका. आई उठली की अंडी थेट उन्हात.

मिरग_पेरणी
टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जोराचा, असं आमचे मामा म्हणतात. खरं काय?

बांधावरचा
@मिरग_पेरणी मोकळी, खडीची, लांबवर दिसणारी जागा मिळेल तिथं घालते. बहुतेक वेळा पाऊस लागायच्या आधीच अंडी झालेली असतात. मामांना नमस्कार सांगा, पण पेरणी ओल बघूनच करा.

मिरग_पेरणी
सांगतो. आमच्याकडं अजून चार बोटंसुद्धा ओल नाही.

मलप्रभा_काठ
चढणीचे मासे कुणीच लिहिले नाहीत! पहिल्या लोंढ्याला मासे उलट्या धारेनं ओढ्यात, तिथनं खाचरात चढतात. उथळ, कोमट पाणी, पिल्लांना भरपूर खाणं, मोठे मासे कमी. तिथं अंडी टाकून परत फिरतात. ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावलं की अंड्यासकट सगळी पिढीच जाते. निदान अर्धी वाट मोकळी ठेवा, पोट फुगलेली मादी सोडून द्या.
मरळ आणि मागूर गढूळ, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तगतात, कारण वर येऊन हवा घेतात. मरळीला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरते. रातभर बुडालेल्या जाळ्यात ती मेलेली सापडते ती ह्यामुळं.

जांबोटी_रान
खेकड्याचंही लिहा कुणीतरी. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची अंडी पाण्यात वाहत जात नाहीत, आईच्या पोटाच्या पदराखाली राहतात आणि तिथनंच तयार खेकडे बाहेर पडतात. पदर रुंद ती मादी, अरुंद तिकोनी तो नर. उलटा करून पदराखाली बघा, बारकी दिसली की सोडा.

खानापूर_पश्चिम
@जांबोटी_रान तुम्हीच लिहिलंत की. तुमच्याकडं ओल्या कातळावरचे बेडूकमासे दिसतात ना?

जांबोटी_रान
दिसतात. इंदिराना नावाच्या बेडकांच्या गटातले. ओढ्यात नाही, पाणी झिरपणाऱ्या कातळावर राहतात, पाण्याचा पापुद्रा पुरतो. शेपूट लांब, मागचे पाय लवकर फुटतात, हात लावायला गेलं की कातळावरनं टणकन उडी. रस्त्याच्या कडेचा तसला कातळ कोरडा पडला की सगळे गेले. त्यामुळं झरा वळवताना नळी टाकून सगळंच पाणी उचलू नका.
आणि देवगांडूळ. कंपोस्टात, केळीच्या बुडात निघालं की लोक साप म्हणून ठेचतात. त्याला विष नाही, ते बेडकाच्याच गोतावळ्यातलं. अंगावर वळ्या, डोळे जवळजवळ कातडीखाली, वास घ्यायला डोळा आणि नाकपुडीच्या मधे बारीक स्पर्शिका. मादी ओल्या मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. म्हादई नदीचं नाव दिलेली एक जात २००७ मध्ये चोर्ला घाटाकडची म्हणून नोंदली गेली. म्हणजे आपल्याच मातीतली. कुदळीऐवजी काट्यानं खत उकरा, आणि सापडलं तर ओल्या मातीसकट उचलून परत झाका.

निपाणीची_अक्का
देवगांडूळ म्हणजे दुतोंड्या का?

जांबोटी_रान
नाही अक्का, दुतोंड्या म्हणजे मांडूळ. तो साप, अंगावर खवले. ह्याला वरून खवले दिसत नाहीत, अंग ओलं, बुळबुळीत.

लोंढा_जंगल
अस्वलाचं थोडक्यात. वरचे मधले दोन दात नसतात, ओठ लांब, नाकपुड्या मिटता येतात. वारूळ फोडून आधी माती फुंकून उडवतं, मग त्या फटीतनं वाळवी चोखतं. तो आवाज लांबवर ऐकू येतो. मिरगात वाळवीचे पंखवाले बाहेर पडले की वारुळाच्या वाटेनं एकटं जाऊ नका. बोलत, काठी आपटत चला. अचानक समोर आलात की बहुतेक वेळा ते अंगावर येतं.

मिरग_पेरणी
ते पंखवाले किडे काल घरात पण भरले. बल्ब बंद केला तरी येतात.

लोंढा_जंगल
@मिरग_पेरणी घरातला बंद करून अंगणातला लावा, खाली पसरट परातीत पाणी ठेवा. सकाळी कोंबड्यांना घाला. पायरीवर भेक बसला असेल तर त्याला हाकलू नका.