मदत हवी आहे: सल्फरभोवती १२ इलेक्ट्रॉन कसे?

भाची अकरावीला आहे, काल वही घेऊन आली. विषय अष्टक नियमाचे अपवाद, म्हणजे बंध करताना अणूभोवती साधारण ८ बाह्य इलेक्ट्रॉन होतात, तो नियम. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती ६च इलेक्ट्रॉन, हे पटलं तिला. नायट्रिक ऑक्साइडमध्ये नायट्रोजनचे ५ आणि ऑक्सिजनचे ६ बाह्य इलेक्ट्रॉन मिळून ११, म्हणजे एक सुटा राहणारच, तेही झालं. गाडी अडली सल्फर हेक्साफ्लोराइडवर. सहा बंध, प्रत्येकात दोन, म्हणजे १२ इलेक्ट्रॉन! अष्टक गेलं कुठे? आमच्या वेळी ‘सल्फरच्या रिकाम्या ३d कक्षकांत (म्हणजे इलेक्ट्रॉनसाठीच्या जागांत) जातात’ एवढं सांगून सर मोकळे व्हायचे. आता वाचतोय की त्या कक्षकांचा वाटा अगदी थोडा, बंध बरेच ध्रुवीय असतात, फ्लोरिन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. मग ऑक्सिजन का नाही सहा फ्लोरिन धरत? नुसता आकाराने लहान म्हणून? आणि परीक्षेत तिने लिहावं काय? कुणी शिकवत असाल तर सोप्या शब्दांत सांगा. पोरगी उद्या संध्याकाळी परत येतेय.