नववीला हेवी मेटलचा उगम शिकवायचाय, सुरुवात कुठून करू?

खडूफळा:
नमस्कार मंडळी. मी भोसरीजवळच्या एका मराठी शाळेत संगीत शिकवते. माझं सगळं शिक्षण पेटी आणि गाण्याचं, विशारदपर्यंतचं. हेवी मेटल या रॉक संगीताचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सॅबथ या इंग्लिश बँडचा गायक ऑझी ऑस्बर्न गेला (२२ जुलै २०२५) त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, घरी म्हणतात हेवी मेटल हे संगीतच नाही, नुसता गोंगाट आहे. तुम्ही सांगा, आहे का?" मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मनाला लागून राहिलं. तेव्हापासून मी ऐकते आहे, वाचते आहे. आता मुख्याध्यापकांनी पस्तीस मिनिटांचे चार तास दिले आहेत. वर्गात पेटी आहे, एक बरा स्पीकर आहे आणि शाळेच्या पथकाचे ढोल आहेत.

काल फळ्यावर टिपण काढून पाहिलं: १९६४ला हे, १९६८ला ते, १९७०ला अमुक. लढायांची सनावळी झाली नुसती. मुलं ती पाठ करतील आणि विसरतील. ज्यांनी हे संगीत मनापासून ऐकलंय त्यांनी सांगा, पहिल्या तासाला मुलांसमोर काय ठेवू?

टर्नर_फिटर:
ताई, पत्र्यापासून सुरुवात करा.

मी एकतीस वर्षं भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये काढली. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा बनवायचा, प्रेसवर चढवायचा, ट्रायल काढायची. प्रेसखाली बोट गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यातला एक माझा जिवलग, आमच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा. त्यामुळे पुढची गोष्ट मला कधीच परक्या देशातली वाटली नाही.

१९६५. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, त्यातला अ‍ॅस्टन हा कामगारांचा भाग. टोनी आयोमी, पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक, तेव्हा वय सतरा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला. गिटारवर जगायचं ठरवून त्याने नोकरी सोडली होती आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायचंच नाही म्हणत होता. आई म्हणाली, हातातलं काम पुरं करून ये. तो गेला. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला त्या मशीनवर उभं केलं. प्रेस हातावर आली, त्याने हात हिसडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

डॉक्टरांनी गिटार विसर म्हणून सांगितलं. मग कारखान्यातला वरचा माणूस एक रेकॉर्ड घेऊन भेटायला आला, जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८च्या आगीत जवळजवळ निकामी झाली होती, आणि तरी तो ते सगळं वाजवत होता. इथे तास थांबवा. मुलांना जँगोचं दोन मिनिटं ऐकवा आणि मगच पुढे जा.

पुढचा भाग माझ्या धंद्याचा आहे. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, त्याचा गोळा केला, सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने त्यात बोटापुरतं भोक पाडलं, घासून घासून टोपीसारखा आकार दिला. तार निसटायला लागली म्हणून वरून जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. हे टूलरूमचंच काम आहे, ताई. कापा, बसवून बघा, काढा, परत घासा. टोपीतून तार जाणवत नाही आणि जाड तार दाबताना दुखतं, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या, कारण तेव्हा तशा हलक्या तारांचे संच दुकानात मिळत नव्हते. पुढे १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याने गिटार तीन पट्ट्या खाली उतरवली. तार सैल झाली, हाताला सोपी झाली, आणि आवाज खोल गेला. एक काळजी घ्या: पहिल्या दोन अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच सुरात लावलेली आहे. अपघातानंतर लगेच गिटार उतरवली असं बरेच जण लिहितात, ते चूक आहे.

बँडमधले बाकीचे तिघेही त्याच वस्तीतले. गीझर बटलर कारखान्यात हिशेबाला होता. ऑझी कत्तलखान्यात होता आणि त्याआधी गाड्यांचे हॉर्न सुरात लावायच्या कामाला. बिल वॉर्ड ड्रमवर. हे चौघं १९६८ला एकत्र आले, ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवत. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९मध्ये एका दिवसात, साधारण बारा तासांत रेकॉर्ड केला, एक शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम. तो बाजारात आला शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७०ला.

"कारखान्यामुळे मेटल जन्मलं" असं मात्र एका ओळीत लिहून देऊ नका. त्या गावात हजारो पोरं कारखान्यात होती. पण हे संगीत बनवणारे हात कोणते होते, ते भोसरीतल्या मुलांना कळलंच पाहिजे.

तीव्र_मध्यम:
फिटर काकांनी पहिला तास दिला. दुसरा पेटीवर घ्या.

त्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं, बँडच्याच नावाचं. सुरुवातीला पाऊस, लांबवर घंटा, आणि मग गिटारचे तीन सूर. खर्जातला सा, त्याच्या वरच्या सप्तकातला सा, तिथून खाली तीव्र मध्यम, आणि तो तिथेच थरथरत उभा राहतो. संपलं. एवढ्या तीन सुरांवर अंगावर काटा येतो. बटलर त्या दिवसांत होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची मंगळ ग्रहावरची रचना ऐकायचा, बास गिटारवर ती वाजवून बघायचा. हे तीन सूर आयोमीला त्यातूनच सापडले.

मुलांना विचारा, हाच तीव्र मध्यम यमनमध्ये आहे ना? मग यमन ऐकून भीती का वाटत नाही? ताई, माझ्या मते तुमच्या चार तासांतला सगळ्यात मोलाचा प्रश्न हा आहे. यमनमध्ये तीव्र मध्यम पंचमाकडे जातो, त्याला घर आहे. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून संध्याकाळची ती हुरहूर लागते. आणि आयोमी तर त्याला षड्जासमोर एकट्याला उभा करतो, सोडवतच नाही. पेटीवर तिन्ही वाजवून दाखवा. समजावून सांगायची वेळच येणार नाही.

मध्ययुगात चर्चने सा ते तीव्र मध्यम या स्वरांतरावर बंदी घातली होती ही गोष्ट सगळीकडे सापडेल. ती सांगू नका. "संगीतातला सैतान" हा शब्दप्रयोग खरा आहे, पण अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. बंदीचा पुरावा नाही.

सा आणि प एकत्र दाबूनही दाखवा. मेटलवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते एवढंच. अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत आवाज चढवला की भरगच्च कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजवलेल्या अनेक सुरांचा, चिखल होतो, सा-प मात्र स्वच्छ उभे राहतात. त्यांच्या कंपनांचं प्रमाण २:३. आवाज फाटला की त्या दोघांच्या फरकातून खालच्या सप्तकातला सा आपोआप ऐकू येतो. तो कुणी वाजवलेलाच नसतो! तंबोऱ्यात न लावलेला गांधार ऐकू येतो, तो मुलांनी ऐकला असेल तर त्यांना हे पटकन कळेल.

नववीची_आई:
मी संगीतातली नाही. माझी मुलगी नववीत आहे आणि हे सगळं ऐकते. मला दोन काळज्या आहेत, त्या मोकळेपणाने लिहिते. एक, सैतानाचं काय? दुसरी, कानांचं काय?

टर्नर_फिटर:
वहिनी, रास्त प्रश्न आहेत. त्या पहिल्या गाण्यातला माणूस सैतानाची पूजा करत नाही. समोर काळी आकृती दिसते म्हणून घाबरून देवाचा धावा करतो. बँडच्या बहुतेक गाण्यांचे शब्द गीझर बटलरचे. १९७०च्याच दुसऱ्या अल्बममधलं पहिलं गाणं युद्धाविरुद्ध आहे. राजकारणी बसल्या जागी युद्ध लावतात आणि गरिबांची पोरं मरतात, असा त्याचा आशय. मुलीबरोबर बसून शब्द वाचा. आपण मुलांच्या शेजारी बसून ऐकलं की निम्मी भीती दोघांचीही जाते.

कानांचं तुमचं अगदी खरं आहे. मी प्रेस शॉपमध्ये उजव्या कानाने थोडं गमावलंय. वर्गात स्पीकर बोलण्याच्या आवाजापेक्षा थोडाच वर ठेवावा, आणि पथकात ढोल वाजवणाऱ्या मुलांच्या कानांत बोळे हवेतच. हे मी प्रत्येक मंडळाला सांगत आलोय.

जुनी_कॅसेट:
एक राहून जातंय, ब्लूज. तो सोडलात तर मुलांना वाटेल सगळं १९७०ला आभाळातून पडलं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतातले कृष्णवर्णीय मजूर, त्यांची कामाची आणि दुःखाची गाणी. त्यांच्यातलाच ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ला तिथून शिकागोला आला, दिवसा काम, रात्री बारमध्ये वाजवणं. त्या गलक्यात साधी गिटार कुणाला ऐकू येणार? त्याने विजेची घेतली. मोठ्या आवाजाचं मूळ तिथे आहे. इंग्लंडच्या पोरांनी त्याच रेकॉर्ड घासून घासून ऐकल्या. लेड झेपेलिन या इंग्लिश बँडने तर शिकागोचा ब्लूज गीतकार विली डिक्सन याचे शब्द वापरले. त्याने दावा लावला आणि १९८७ला तडजोड झाली. हेही वर्गात सांगावं. कुणाचं किती घेतलं आणि नाव कुणाचं लागलं, हे मुलांना कळतं.

आपल्याकडे जोड द्यायची तर जात्यावरची ओवी. पुण्यातूनच हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांच्या कामातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आहेत. चाल वेगळी, पण कष्टाच्या लयीत दुःख सांगणं तेच.

"पहिला मेटल बँड कोणता" या वादात तास घालवू नका. किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ला स्पीकरचा पडदा ब्लेडने फाडून तो खरखरीत आवाज काढला. झेपेलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९चा. डीप पर्पल बँडचा 'इन रॉक' १९७०चा. सगळ्यांनी वाट रुंद केली. पण मला विचाराल तर तो अंधार आणि ते वजन पहिल्यांदा एका जागी आलं ते सॅबथमध्येच.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. वर्गातले पहिले दोन तास घेऊन झाले, लगेच लिहायला बसले.

पहिल्या तासाला फळ्यावर काहीच लिहिलं नाही. काकांनी सांगितली तशी गोष्ट सांगितली. आईने परत पाठवलं इथपर्यंत आले आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "माझ्या पप्पांचं पण असंच झालंय, बाई. चाकणला." वर्ग एकदम शांत झाला. मला काय बोलावं सुचेना. मी जँगोची रेकॉर्ड लावली. ती पूर्ण वेळ मान खाली घालून ऐकत होती, आणि तास संपल्यावर येऊन नाव लिहून घेऊन गेली, पप्पांना ऐकवायचंय म्हणाली.

दुसऱ्या तासाला पेटी. यमन, मारवा, मग ते तीन सूर. ज्या मुलाने मूळ प्रश्न विचारला होता तो स्वतः पुढे आला आणि त्याने तीव्र मध्यम दाबून धरला, भात्यातली हवा संपेपर्यंत. मुलं हसली नाहीत. एकाने विचारलं, "बाई, हा पंचमावर का जात नाही?" तीव्र_मध्यम, तुमचा प्रश्न मुलांनीच मला विचारला.

पुढचा तास ओवी आणि ब्लूजचा. चौथ्याला मला मुलांच्या बोटांत टोप्या घालून त्यांना तार दाबायला द्यायची आहे. शाळेत एक जुनी गिटार आहे. प्लॅस्टिक वितळवायचं वर्गात नको वाटतं. काका, काही करता येईल?

टर्नर_फिटर:
वर्गात वितळवू नका, धूर वाईट असतो. माझ्याकडे घरी छोटं लेथ आहे आणि नायलॉनचा रॉड पडून आहे. पाच-सहा मापांच्या टोप्या काढून देतो, वर चामडं चिकटवून. मुलांच्या मधल्या आणि अनामिकेच्या टोकाचा घेर हवा. वर्निअर नसेल तर दोरा गुंडाळून पट्टीवर मोजा आणि मिलिमीटरमध्ये कळवा. त्या मुलीच्या वडिलांना वाजवायची इच्छा असेल तर त्यांच्या बोटाचंही माप पाठवा. त्यांची टोपी वेगळी, नीट बसवून बघून करावी लागेल, त्यासाठी मी चाकणला जाऊन येईन.