सीझनचा पहिला सामना, समोरचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर नवा : तयारी कशी लावावी?

ओहायोकर

नमस्कार मंडळी. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल संघात (अमेरिकन फुटबॉल, एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेचा तिसरा विभाग) मी विद्यार्थी-सहायक आहे. व्हिडिओ कापून लावणं, तक्ते भरणं, कोचना आकडे काढून देणं हे माझं काम. पहिला सामना सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, दुपारी १ वाजता, आमच्याच मैदानावर. हातात तीन आठवडे आहेत.

समोरच्या संघात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाची आखणी करणारा कोच) नवा आलाय. गेल्या वर्षी ते लाइनमध्ये चौघं लावायचे. नवा माणूस आधीच्या कॉलेजात ३-३-५ (लाइनमध्ये तीन, त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर, मागे पाच बचावपटू) खेळवायचा. ऑफेन्सचा कोच जुनाच, सगळी भिस्त आरपीओवर (धाव की पास, ते चेंडू हातात आल्यावर ठरवायचा प्ले). क्वार्टरबॅक (चेंडू घेऊन प्ले चालवणारा) मात्र दुसऱ्या कॉलेजातून आलेला आणि चांगला पळणारा.

आमचा क्वार्टरबॅक दुसऱ्या वर्षाचा. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (मधे सेंटर, त्याच्या दोन्हीकडे गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल) लेफ्ट गार्ड आणि राइट टॅकल नवे. धावेचा पाया इनसाइड झोन (सगळी लाइन एका बाजूला सरकते, चेंडू घेऊन पळणारा बॅक आतली वाट शोधतो). डिफेन्स ४-२-५, मागे क्वार्टर्स (खोल भाग चौघांत वाटलेला).

यंदाचा एकही व्हिडिओ नसताना अभ्यास कशाचा करायचा? सुरुवातीचे प्ले आधी लिहून ठेवायचे तर किती? आणि आरपीओसाठी ४-२-५ मध्ये नेमकं काय बदलायचं?

फिल्मरूम

व्हिडिओचे दोन गठ्ठे करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. पहिला गठ्ठा नव्या कोऑर्डिनेटरच्या आधीच्या कॉलेजचा. त्यातून योजना कळते. दुसरा या संघाच्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या चार सामन्यांचा. त्यातून माणसं कळतात : कोणता कॉर्नर (कडेचा बचावपटू) पाठमोरा झाल्यावर हरवतो, कोणता लाइनबॅकर ब्लॉकला भिडायचं टाळतो. रोस्टर घेऊन बसा, पास होऊन गेलेल्यांना आधीच खोडा, नाहीतर जो मैदानात नसणारच त्याच्यासाठी प्ले बसवले जातात.

कोऑर्डिनेटरचे सगळे सामने बघायची गरज नाही. तुमच्यासारख्या ऑफेन्सशी झालेले तीन निवडा आणि चौथा त्याचा त्या वर्षीचा पहिला सामना. नवी मुलं घेऊन उतरताना तो किती साधं खेळतो ते त्यातच दिसतं. प्रत्येक स्नॅपला (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होतो तेव्हा) डाउन (कितवा प्रयत्न), अंतर, हॅश (मैदानावरच्या कोणत्या खुणेवर चेंडू), ऑफेन्सची माणसं, लाइनची मांडणी, स्नॅपआधी खोल उभ्या सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) किती, स्नॅपनंतर किती, क्वार्टरबॅकवर धावून किती आले, निकाल, एवढे नऊ रकाने पुरेत.

टक्केवारी जपून वापरा. चार सामन्यांत थर्ड-अँड-लाँगचे (तिसरा डाउन, अंतर जास्त) वीस-पंचवीस स्नॅप मिळतील. हॅशनुसार विभागले की एका बाजूला दहाच उरतात. तिथे ७० टक्के म्हणजे फक्त सात वेळा. कोचना कागद देताना टक्क्याशेजारी मूळ आकडा लिहाच.

३-३-५ बद्दल एक गोष्ट क्वार्टरबॅकच्या डोक्यात पक्की बसवा. आयोवा स्टेटने २०१७ मध्ये जॉन हीकॉकच्या हाताखाली तीन सेफ्टी खोल ठेवून खेळायला सुरुवात केल्यावर ही पद्धत बऱ्याच ठिकाणी पोचली. त्यात मधला सेफ्टी दहा-बारा यार्डांवर उभा असतो, पण धाव दिसताच लाइनबॅकरसारखा खाली येतो. क्वार्टरबॅक समोर सहा जण मोजतो आणि धावेचा निर्णय घेतो; सातवा नंतर येतो. त्याला जागेवर थांबवायचं तर पहिल्या दहा प्लेंत एकदा तरी प्ले-अ‍ॅक्शन (धावेचा आव आणून पास) करून टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभ्या रिसीव्हरला) सरळ त्याच्या मागे पाठवा. पास पूर्ण झाला नाही तरी चालेल, तो पुढच्या वेळी अर्धं पाऊल थबकतो.

लाइनवाला

इनसाइड झोनवर विसंबून राहू नका, याच सामन्यात तो अडेल. ३-३-५ मध्ये बऱ्याचदा नोज (डिफेन्सिव्ह लाइनचा मधला) सेंटरच्या थेट समोर आणि दोन्ही एंड (तिच्या टोकाचे) टॅकलच्या आतल्या खांद्यावर लावतात. म्हणजे गार्ड आणि टॅकलमधली दोन्ही दारं स्नॅपआधीच बंद. बॅकला आत वाट दिसत नाही, तो बाहेर वळतो, आणि बाहेर कोणी ब्लॉकच न केलेला खेळाडू उभा असतो.

पॉवर (एक गार्ड जागा सोडून बॅकच्या पुढे धावतो ती धाव) डावीकडे चालवा. तुमचा लेफ्ट टॅकल आणि राइट गार्ड दोघं जुने आहेत, त्याचा फायदा घ्या. लेफ्ट टॅकल आणि नवा लेफ्ट गार्ड मिळून एंडला आत ढकलतात. आतल्या खांद्यावर उभ्या माणसाला आत दाबायचा कोन टॅकलच्या सोयीचा असतो. राइट गार्ड जागा सोडून डावीकडे धावतो आणि लाइनबॅकरवर चढतो.

बिघडतं ते उजवीकडे. राइट गार्ड निघाला की त्याची जागा मोकळी, आणि तिकडचा एंड नेमका त्याच जागेच्या तोंडाशी उभा. तो मागून येऊन बॅकला हँडऑफच्या (चेंडू हातात मिळण्याच्या) ठिकाणीच धरतो. नव्या राइट टॅकलची सवय पहिलं पाऊल मागे टाकायची असेल तर प्ले तिथेच संपला. त्याचं डावं पाऊल आत, सपाट पडलं पाहिजे आणि डोकं एंडच्या पुढच्या बाजूला गेलं पाहिजे. रोज १० मिनिटं फक्त एवढंच : सेंटर, राइट गार्ड, राइट टॅकल, समोर नोज, एंड आणि एक लाइनबॅकर. पूर्ण संघ लागत नाही.

पास प्रोटेक्शन (पासच्या वेळी क्वार्टरबॅकला राखायच्या पद्धती) दोनच ठेवा. मुख्य म्हणजे हाफ-स्लाइड. सेंटर, राइट गार्ड आणि राइट टॅकल तिघं उजवीकडे सरकतात, म्हणजे नवा टॅकल एकटा पडत नाही. डावीकडे माणसाला माणूस, बॅक आतून बाहेर बघतो. ३-३-५ मध्ये चौथा धावून येणारा दर वेळी वेगळा, म्हणून स्काउट टीमकडून (सरावात समोरच्या संघाची नक्कल करणाऱ्या आपल्याच मुलांकडून) तीन ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा धावून येणं) रोज करून घ्या : मधला लाइनबॅकर सेंटरच्या बाजूने, निकेल (मागचा पाचवा बचावपटू) कडेने, आणि दोन लाइनबॅकर एकमेकांना छेदून. तिसऱ्यात गार्ड आपापल्या माणसामागे जातात आणि एकमेकांना आदळतात. जागा राखायची, माणूस नाही, हे तिथेच शिकवावं लागतं.

साइडलाइन

स्क्रिप्टबद्दल, म्हणजे आधी लिहून ठेवायच्या प्लेंबद्दल. एनएफएलमधला (व्यावसायिक लीग) कोच बिल वॉल्श सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्समध्ये पहिले २५ प्ले लिहून ठेवायचा. दुसऱ्या वर्षाच्या क्वार्टरबॅकला १५ पुरे. त्यात फक्त पहिला आणि दुसरा डाउन घ्या. थर्ड डाउन, एंड झोनजवळचे प्ले आणि स्वतःच्या गोललाइनजवळचे प्ले यांच्या याद्या वेगळ्या. थर्ड-अँड-वन आला की त्या यादीतून प्ले घ्यायचा आणि परत स्क्रिप्टच्या पुढच्या क्रमांकावर यायचं.

नव्या कोऑर्डिनेटरपुढे हे १५ प्ले प्रश्नपत्रिकेसारखे वापरा. पहिल्या आठांत चार फॉर्मेशन, प्रत्येक दोनदा, एकदा धाव आणि एकदा पास : तीन रिसीव्हर एका बाजूला, दोन-दोन, टाइट एंडसह, आणि जेट मोशन (स्नॅपआधी रिसीव्हर आडवा धावतो). वर बसलेल्या कोचने चेंडूकडे बघायचंच नाही. त्याने टिपायचं ते हे : तीन रिसीव्हरच्या बाजूला तिसऱ्यावर कोण सरकला? टाइट एंड लावल्यावर लाइन बदलली का? मोशनमागे एकच खेळाडू मैदानभर धावला तर बहुतेक मॅन (प्रत्येकाकडे एक माणूस). सगळे एकेक जागा सरकले तर झोन (प्रत्येकाकडे एक जागा). दुसऱ्या ड्राइव्हनंतर हा कागद खाली आला पाहिजे. २०२४ पासून सामन्यादरम्यान टॅब्लेटवर व्हिडिओ बघायला परवानगी आहे; तुमच्याकडे सोय असेल तर आठही स्नॅप लाइनच्या मुलांना बाकावर दाखवा.

कॉल शीटवर (सामन्यात निवडायच्या प्लेंच्या यादीवर) किती प्ले, याचं उत्तर सरावाच्या हिशेबात आहे. मंगळवारी ४० स्नॅप, बुधवारी ४०, गुरुवारी २०, म्हणजे सामन्याच्या आठवड्यात स्काउट टीमविरुद्ध १००. शीटवर ४५ प्ले असतील तर प्रत्येकाला दोन-अडीच वेळा. २८ असतील तर साडेतीन. लाइनमध्ये दोन नवे असताना मी २८ च्या वर जाणार नाही.

ओहायोकर

पॉवरच्या मागच्या बाजूचं अगदी पटलं, गेल्या आठवड्याच्या सराव-सामन्यात हेच झालं होतं. डिफेन्सकडे कोणी बघेल का?

निकेल_बाजू

आरपीओ कोणाला फसवतं ते आधी ठरवा. चेंडूच्या बाहेर, लाइनबॅकर आणि कॉर्नरच्या मधे उभा असलेला तुमचा निकेल किंवा सेफ्टी. तो धावेवर आला की त्याच्या मागे आत वळणाऱ्या रिसीव्हरला पास. तो मागे हटला की हँडऑफ. कबड्डीत कोपऱ्यावरचा पुढे सरकला की त्याच्यामागे जागा उघडी पडते, तसंच. त्याने कितीही चपळाई केली तरी दोन्ही कामं त्याच्याच्याने होणार नाहीत. म्हणून एक काम काढून घ्या.

पहिल्या डाउनला त्याला पूर्ण पासवर ठेवा. धावेची जबाबदारी पुढच्या सहांवर : एंड आत घुसतो, लाइनबॅकर त्याच्यामागून बाहेर येतो. क्वार्टरबॅक एंडला वाचत असेल तर चेंडू स्वतःकडे ठेवतो आणि बाहेर लाइनबॅकर समोर उभा असतो. दुसऱ्या मांडणीत उलट : निकेल धावेवर येतो आणि सेफ्टी खाली येऊन आत वळणाऱ्या पासच्या वाटेत उभा राहतो. दोन्ही मांडण्या स्नॅपआधी हुबेहूब सारख्या दिसायला हव्यात, नाहीतर दुसऱ्या कॉलेजातून आलेला अनुभवी क्वार्टरबॅक दुसऱ्या ड्राइव्हलाच ओळखेल.

लाइनबॅकरला एक सूचना : गार्ड पुढे आला म्हणजे धावच, असं समजू नको. कॉलेजच्या नियमात पास होत असतानाही लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो (एनएफएलमध्ये एकच). आरपीओ त्या तीन यार्डांवरच चालतं. चौथ्या यार्डावर दंड आहे, म्हणून सामन्याआधी पंच भेटायला येतात तेव्हा कोचनी तेवढं लक्ष द्यायला सांगावं.

आणि हॅश. कॉलेजचे हॅश एकमेकांपासून ४० फुटांवर, कडेपासून ६० फूट. चेंडू हॅशवर असला की एका बाजूला २० यार्ड, दुसऱ्या बाजूला ३३ हून जास्त. निकेल कायम रुंद बाजूला. दबाव आणायचा तो अरुंद बाजूने. तिथून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतचं अंतर कमी असतं आणि तो निघाल्यामुळे उघडी पडलेली जागाही छोटी असते.

फिल्मरूम

पळणाऱ्या क्वार्टरबॅकवर थर्ड डाउनला एक माणूस फक्त त्याच्यासाठी ठेवा. सहा यार्डांहून जास्त हवे असतील तेव्हा.

निकेल_बाजू

इथे माझं मत वेगळं आहे. ४-२-५ मध्ये तो माणूस म्हणजे तुमचा लाइनबॅकर. तो गुंतला की मधली पासची जागा उघडी. त्याऐवजी डिफेन्सिव्ह लाइनमधल्या चौघांची क्वार्टरबॅकवरची धाव आवरा : दोन्ही एंड क्वार्टरबॅकच्या खोलीच्या वर जाणार नाहीत, दोन्ही टॅकल समोरच्या माणसाला मागे ढकलत नेतील, वळसा घेणार नाहीत. सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) कमी होतील, पण थर्ड-अँड-एटला १२ यार्ड पळून जाणंही थांबेल. मात्र तुमच्या एंडना हे सवयीचं नसेल तर फिल्मरूम म्हणतात तसं करा, अर्धवट शिकलेला पिंजरा काहीच नसण्यापेक्षा वाईट.

अजून एक, ज्याकडे ऑगस्टमध्ये दुर्लक्ष होतं. सरावात दुखापत टाळायला मुलांना जमिनीवर पाडत नाहीत, आणि पहिल्या सामन्यात टॅकल सुटतात ते त्यामुळे. रोज १० मिनिटं, पाच यार्डांवरून तिरक्या कोनात, मॅटवर : जवळचा पाय चेंडूवाल्याच्या पायाशी, त्याच बाजूचा खांदा मांडीवर, डोकं मागच्या बाजूला. सुटतं ते पाय लांब राहून हात आधी गेल्यामुळे.

चौथा_डाउन

स्पेशल टीमबद्दल अजून कोणीच बोललं नाही. १ सप्टेंबर २००७ ला अ‍ॅन आर्बरमध्ये मिशिगनने पहिलाच सामना अ‍ॅपलाचियन स्टेटकडून ३४-३२ ने गमावला. मिशिगनची शेवटची ३७ यार्डांची किक अडवली गेली.

घड्याळ लावून सराव घ्या. पंटचा (चेंडू लाथेने दूर टोलवण्याचा) स्नॅप पंटरच्या हातात ०.८ सेकंदात, पायातून चेंडू सुटेपर्यंत एकूण २.१. फील्ड गोलची किक १.३ सेकंदांत. गुरुवारी कोरड्या चेंडूने तर घ्याच, पण दहा स्नॅप बादलीत बुडवलेल्या चेंडूनेही घ्या.

दुपारी १ च्या उन्हात तिसऱ्या क्वार्टरपासून पोटऱ्यांत गोळे येतात. तुमचा सेफ्टी किकऑफ, पंट आणि पंट-रिटर्न तिन्हींत असेल आणि तो बसला, तर एकाच वेळी तीन भोकं. प्रत्येक युनिटच्या प्रत्येक जागेपुढे बदली खेळाडूचं नाव लिहा आणि एकच बदली दोनपेक्षा जास्त ठिकाणी येत नाही ना, ते तपासा. हे काम ओहायोकर, तुम्हीच करू शकता. कोचना वेळ मिळत नाही. डिफेन्सिव्ह लाइनमध्ये आठ जण फिरते ठेवा, एकाने सलग सहा स्नॅपांपेक्षा जास्त नाही.

ओव्हरटाइमही लिहून ठेवा. २०२१ पासून दुसऱ्या ओव्हरटाइमला टचडाउननंतर दोन गुणांचा प्रयत्न सक्तीचा, तिसऱ्यापासून फक्त तेच प्रयत्न. तीन यार्डांवरून खेळायचे चार प्ले तयार हवेत.

ओहायोकर

ते लोक दोन प्लेंच्या मधे घोळका न करता भराभर स्नॅप घेतात. अशा वेळी आमच्या कॉलला उशीर होतो. काय करावं?

साइडलाइन

नियम पाठ असू द्या : ऑफेन्सने खेळाडू बदलला तर पंच चेंडूवर उभे राहून तुम्हालाही बदलायला वेळ देतात. बदलला नाही तर वेळ नाही. म्हणून एकाने फक्त समोरची बाजूच बघायची, कोणी आत-बाहेर करतंय का, आणि मोठ्याने ओरडायचं. बदल नसेल तर बाहेरून पूर्ण कॉल पाठवायचाच नाही, फक्त एक खूण. लाइनबॅकर एकच शब्द म्हणतो आणि सगळे मूळ क्वार्टर्समध्ये उभे राहतात, निकेल पासवर. त्या शब्दाची खूण दोन कोच देतील, एक खरी, एक फसवी. बुधवारी स्काउट टीमला सलग आठ स्नॅप, दर १५ सेकंदांनी एक, असं चालवायला सांगा. पहिल्या दोन फेऱ्यांत तिसऱ्या-चौथ्या स्नॅपला कोणीतरी पाठमोरा सापडेल. कोण, ते लिहून ठेवा आणि गुरुवारी तेच आठ स्नॅप त्याच्यासमोर पुन्हा घ्या.