एबिटा बघून सोलर कंपनी भक्कम म्हणायची?

गंगापूररोडकर: काल नाशिकच्या गुंतवणूकदारांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "सोलर कंपन्यांचा एबिटा ८५-९० टक्के, डोळे झाकून घ्या." एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा (यंत्रांची दरवर्षी कमी धरलेली किंमत) वजा करण्याआधीची कमाई, इथे विक्रीच्या टक्क्यांत. वाचून रात्रभर चैन पडलं नाही. अहो, ऊन फुकट, कोळसा घ्यायचा नाही, मग एबिटा तेवढा दिसणारच! पण प्रकल्पातला ७०-७५ टक्के पैसा कर्जाचा असतो आणि व्याज-घसारा एबिटातून जायचेच असतात. समजा विक्री १०० रुपये, एबिटा ८८. त्यातून व्याज ४५, घसारा २८. उरले १५, कर अजून बाकीच. शिवाय वीज वितरण कंपनीने पैसे दिले कधी? मी आधी येणी किती दिवसांची आहेत ते बघतो.

सातपूरचा सीए: घसारा खिशातून जात नाही. पॅनलचे पैसे सुरुवातीलाच गेले. विजेचा दर वितरण कंपनीशी झालेल्या २५ वर्षांच्या कराराने बांधलेला आहे, तेव्हा हप्ता भरून हातात रोकड किती राहते ते बघा. नुसता नफा धरून बसलात तर चांगल्या कंपन्याही नापास कराल.

गंगापूररोडकर: कसला करार? २०१९ मध्ये आंध्र सरकारने झालेले करार पुन्हा उकरले. हायकोर्टाचा निकाल कंपन्यांच्या बाजूने लागायला मार्च २०२२ उजाडला. तोवर बँक थांबते का?

ओझरकर: आधी वीज किती निघते ते बोला. माझ्या गच्चीवर ३ किलोवॅट आहे. विकणाऱ्याने दिवसाला १२ युनिट सांगितले होते. मार्चमध्ये शेजारी बांधकाम निघालं आणि मीटरवर ९. पॅनलवर बोट फिरवलं तर पिठासारखी धूळ. पहाटे धुतलं, त्याच दिवशी साडेअकरा! देखभालीसाठी फोन करून थकलो, कोणी फिरकलं नाही.

निफाडचा बागायतदार: बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलं की आमच्या पंपाच्या पॅनलवर निळसर थर बसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी नको, म्हणून मीही पहाटेच उठतो.

सातपूरचा सीए: इथे ताळेबंदाची चर्चा चालू आहे, गच्ची धुण्याची नाही.

ओझरकर: नीट बोला! १२ चे ९ म्हणजे पाव विक्री गेली. व्याज पावाने कमी होतं का? हाच ताळेबंद आहे.

सातपूरचा सीए: बरं, मान्य. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या सौर विजेच्या लिलावात भाव युनिटला १.९९ रुपयांवर आला. एवढ्या कमी दरात धूळही परवडत नाही. पण घसाऱ्यावरून मी हटणार नाही.

निफाडचा बागायतदार: येण्यांचा आकडा अहवालात कुठे सापडतो?

गंगापूररोडकर: ताळेबंदात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' बघा, दादा. त्याच्या टिपेत सहा महिन्यांच्या आतलं आणि त्यावरचं वेगळं दिलेलं असतं. जुनी थकबाकी दरवर्षी फुगत असेल तर मी ती कंपनी घेत नाही.